खाणीत कोण उतरले होते?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब बेंगळुरूला गेलो होतो. धाकटा भाऊ तिथे नोकरीला आहे. लालबाग झाली, कब्बन पार्क झाले, आणि चौथ्या दिवशी मुलांनी एकच हट्ट धरला, केजीएफ बघायचे. 'रॉकीभाईची खाण' बघायची. २०१८ आणि २०२२ चे दोन्ही सिनेमे त्यांचे तोंडपाठ. बेंगळुरूपासून सुमारे शंभर किलोमीटर. सकाळी निघायचे, संध्याकाळी परत. आईसुद्धा म्हणाली, चला, सोन्याची खाण तरी आयुष्यात एकदा बघू.

परत आल्यावर आम्ही त्या सहलीबद्दल दोन-चार ठिकाणी बोललो. तेव्हा एका जवळच्याच माणसाने ऐकवले, "तुम्ही लोक सुट्टीत तरी जात बाजूला ठेवा. पोरांना खाण दाखवायला नेले होते की भाषण द्यायला?" प्रश्न रागाने विचारलेला असला तरी टाळण्यासारखा नाही. त्याचेच उत्तर देण्यासाठी हा लेख.

मारिकुप्पमच्या गाडीत बसलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की आम्ही उलट दिशेने चाललो होतो. समोरून येणाऱ्या गाड्या माणसांनी खचाखच भरलेल्या होत्या. खाण बंद झाल्यापासून केजीएफची हजारो माणसे रोज पहाटे उठून कामासाठी बेंगळुरूला येतात आणि रात्री परत जातात. आम्ही जिथे मौजेला चाललो होतो, तिथली माणसे पोटासाठी तिथून बाहेर पडत होती. बंगारपेटला मुख्य मार्ग सुटतो आणि पुढे कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन, मारिकुप्पम अशी छोटी छोटी स्टेशने लागतात. खाणींचीच नावे स्टेशनांना लागलेली.

मुलांची पहिली निराशा तिथेच झाली. खाणीत उतरता येत नाही. फेब्रुवारी २००१ च्या अखेरीस खाण बंद झाली, पंप थांबले आणि खालच्या बोगद्यांत पाणी भरत गेले. लांबून दिसतात ते शाफ्टवरचे लोखंडी सांगाडे आणि त्यांच्या माथ्यावरची गंजलेली चाके. त्या चाकांवरून दोर फिरायचा आणि दोराला बांधलेल्या पिंजऱ्यातून माणसे खाली जायची. दुसरीकडे दिसतात त्या राखाडी टेकड्या. खडक दळून, सायनाइडने सोने काढून घेतल्यावर उरलेला हा गाळ. तिथे लोक फोटो काढतात, रील बनवतात. आमच्या मुलांनीही काढले. आम्ही अडवले नाही.

इंटरनेटवर केजीएफची माहिती शोधली तर ती भरपूर मिळते, आणि त्यातली बरीचशी खरीही आहे. जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश कंपनी १८८० मध्ये आली. पुढच्या सुमारे १२० वर्षांत इथून अंदाजे ८०० टन सोने निघाले. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरपेक्षाही खोल गेली आणि जगातल्या सर्वांत खोल खाणींत गणली गेली. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेली वीज इथे आणली. बेंगळुरू शहरात वीज पोहोचली ती त्यानंतर, १९०५ मध्ये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर १९६५ मध्ये याच खाणीच्या पोटात, वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद केली. १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी झाली.

या सगळ्यात खोली आहे, टन आहेत, वीज आहे, विज्ञान आहे. फक्त एक प्रश्न नाही. खाली कोण उतरत होते?

उत्तर गुप्त नाही. इतिहासकारांनी ते नोंदवून ठेवले आहे. वर इंग्रज अधिकारी आणि कॉर्नवॉलहून आणलेले खाणतज्ज्ञ, त्यांच्याखाली देखरेखीवर अँग्लो-इंडियन, आणि जमिनीखाली खडक फोडणारे बहुसंख्य मजूर उत्तर अर्काट आणि आसपासच्या तमिळ भागातले आदिद्रविड, म्हणजे आपल्याच भाषेत सांगायचे तर तिथले अस्पृश्य. खोलवर खडकाचे तापमान साठ अंशांच्या पुढे जायचे. वरच्या दाबाने खडक अचानक फुटायचा आणि माणसे गाडली जायची. जे यातून वाचले त्यांच्या छातीत दगडाची धूळ साचली. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इथल्या ७,६५३ कामगारांपैकी ४३.७ टक्के कामगारांना सिलिकोसिस असल्याचे आढळले. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत हा आकडा आजही शिकवला जातो. त्या ४३.७ टक्क्यांची जात मात्र पाठ्यपुस्तकात नसते.

समाजशास्त्र शिकलेला माणूस इथे थांबून विचारेल की हा योगायोग कसा? कुणी तर त्यांना जबरदस्तीने खाली ढकलले नव्हते, ती माणसे मजुरी मिळते म्हणून आली होती. बरोबर आहे. आणि हेही मान्य केले पाहिजे की गावच्या वेठबिगारीपेक्षा खाणीचा रोख पगार त्यांना बरा वाटला. गावात जमीनदाराच्या दारात उभे राहण्यापेक्षा पिंजऱ्यात उभे राहणे त्यांनी पत्करले, यातच गाव काय होते ते कळते. आपल्याकडेही महार समाजाच्या दोन पिढ्या नागपूर-मुंबईच्या गिरण्यांत, रेल्वेत, गोदीत याच कारणाने गेल्या. पण गिरणीत काय झाले ते आठवा. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, आणि तिथे धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो, या कारणाने अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा ठामपणे पुढे आणला होता.

म्हणजे जिथे पैसा जास्त तिथे विटाळ आडवा येतो. जिथे जीव जातो तिथे तो येत नाही. खाणीत खाली उतरायला अस्पृश्य चालतो, त्याने काढलेले सोने देव्हाऱ्यात चालते. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त श्रमविभागणीचा युक्तिवाद खोडून काढला तो याच अंगाने. काम वाटले जाते असे सांगितले जाते, प्रत्यक्षात काम करणारी माणसेच वर-खाली लावून एकमेकांपासून तोडली जातात. केजीएफमध्ये ही उतरंड डोळ्यांनी दिसते, कारण ती जमिनीतच खोदलेली आहे.

आता सिनेमाकडे येऊ. सिनेमात खाणीतली माणसे गुलाम आहेत, मळकी आहेत, घाबरलेली आहेत. त्यांना जात नाही, संघटना नाही, पुस्तक नाही. ती वाट बघत आहेत. मग बाहेरून एक वीर येतो, मारामारी करतो आणि त्यांचा तारणहार होतो. मुलांना वीर आवडतो, त्यात त्यांचा दोष नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. खऱ्या केजीएफमधल्या माणसांनी कुणाची वाट पाहिली नव्हती.

पंडित अयोथीदास यांचे नाव आपल्याकडे अलीकडे थोडेफार ऐकू येते. १८४५ ते १९१४ हा त्यांचा काळ. १८९८ मध्ये त्यांनी श्रीलंकेत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. १९०७ पासून तमिळ साप्ताहिक चालवले. आपण हिंदूंमधले हीन नाही, आपण मूळचे बौद्ध आहोत आणि आपल्याला पाडले गेले आहे, ही त्यांची मांडणी होती. या संघाची एक बळकट शाखा कुठे होती? केजीएफमध्ये, मारिकुप्पमला. दिवसभर खडक फोडणारी माणसे संध्याकाळी साप्ताहिक वाचून घेत होती, वर्गणी काढत होती, बुद्धावरची प्रवचने ऐकत होती. अयोथीदासांच्या मृत्यूनंतर त्यांचे बंद पडलेले पत्र १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाले ते केजीएफहून, जी. अप्पादुराई यांच्या संपादनाखाली. चॅम्पियन रीफ्सच्या सिद्धार्थ प्रकाशनाने अयोथीदासांचे लेखन पुस्तकरूपात छापले. म्हणजे तळहाताला घट्टे पडलेल्या खाणमजुरांच्या वस्तीने आपला छापखाना आणि आपला धम्म उभा केला. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी.

हे वाचून आपल्यातल्या काहींना अवघडल्यासारखे होईल. आम्हालाही झाले. आम्ही लहानपणापासून शिकलो की सगळे १४ ऑक्टोबर १९५६ ला सुरू झाले. त्या दिवसाचे मोठेपण कुठेही कमी होत नाही. लाखो माणसांना एका दिवशी एकत्र नवा जन्म देणे ही गोष्ट जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. पण बाबासाहेब स्वतः आधीच्यांचे ऋण मानणारे होते. मद्रासचे प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांचे बौद्ध धर्माचे सार सांगणारे इंग्रजी पुस्तक १९०७ मध्ये निघाले होते. नरसू हे याच तमिळ बौद्ध चळवळीतले. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये ते पुस्तक पुन्हा प्रसिद्ध करवले आणि त्याला प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते हा सिद्धांत मांडणारा त्यांचा ग्रंथही आला. १९५४ मध्ये बाबासाहेब केजीएफला येऊन गेले. पुढे रिपब्लिकन पक्षाचे सी. एम. आरुमुगम, नंतर एस. राजेंद्रन इथून कर्नाटक विधानसभेत निवडून गेले. महाराष्ट्रात ज्या पक्षाचे इतके तुकडे झाले, त्याचा झेंडा कर्नाटकातल्या तमिळ खाणमजुरांनी एवढी वर्षे खांद्यावर घेतला, हे आमच्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

आणि ही माणसे केवळ प्रवचने ऐकत बसली नव्हती. १९३० मध्ये कंपनीने मजुरांच्या बोटांचे ठसे घ्यायचे ठरवले. गुन्हेगाराचे घेतात तसे आमचे ठसे का, असे विचारत हजारोंनी संप केला. सोने चोरतील म्हणून ज्यांची झडती घेतली जायची, त्यांनी आपल्या अब्रूसाठी काम बंद केले.

दुपारी चॅम्पियन स्टेशनजवळच्या एका चहाच्या टपरीवर एक निवृत्त खाणकामगार भेटले. वय सत्तरीच्या पुढचे. टपरीच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याकडे बघून आईने नकळत हात जोडले. त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "जय भीम. महाराष्ट्र?" पुढचे बोलणे भावाच्या मोडक्या कन्नडमध्ये आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत झाले. धाकट्याने विचारले, "आजोबा, तुम्ही सोने पाहिले का?" ते हसले. खाली सोने दिसत नाही, म्हणाले, खाली दगड दिसतो. सोने वर साहेबाला दिसते. त्यांचे वडीलही खाणीतच होते आणि छातीच्या आजाराने गेले. मुलगा रोज बेंगळुरूला जातो, एका इमारतीत सुरक्षारक्षक आहे. चहाचे पैसे त्यांनी आम्हाला देऊ दिले नाहीत.

त्या दिवशी मुलांना रॉकीपेक्षा ते आजोबा जास्त आठवत राहिले. हे आम्ही भाषण देऊन घडवले नाही. माणूस समोर आला, एवढेच.

एक गोष्ट अजून राहिली, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. बेझवाडा विल्सन हे नाव आपल्याला परिचित आहे. सफाई कर्मचारी आंदोलनाचे संस्थापक, २०१६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळालेले. त्यांचा जन्म १९६६ चा आणि केजीएफचा. ज्या वसाहतीच्या जमिनीखालून टनांनी सोने निघत होते, त्याच वसाहतीतल्या मजुरांसाठी कोरडे संडास होते आणि विल्सन यांचे आईवडील ते हाताने साफ करणाऱ्या समाजातले होते. जिथे तीन किलोमीटर खाली माणूस आणि हवा पोहोचवण्याचे तंत्र होते, तिथे संडासात पाणी पोहोचवण्याचे तंत्र नव्हते, असे कोण म्हणेल? तंत्र होते. गरज वाटली नाही, कारण साफ करायला माणसे जन्मानेच ठरलेली होती. विल्सन यांनी आपल्या गावातल्या त्या संडासांविरुद्ध तक्रारी लिहिण्यापासून सुरुवात केली आणि ती लढाई देशभर नेली.

हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये त्याहून कडक झाला. गटारात गुदमरून मेलेल्याच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली आणि २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. तरी मुंबई, पुणे, नागपूरसह देशभरात माणसे सेप्टिक टाकीत उतरतात आणि मरतात. म्हणून आमचे म्हणणे असे की केजीएफची खाण बंद झाली असली तरी जमिनीखाली उतरणे बंद झालेले नाही. फक्त खोली कमी झाली. तीन किलोमीटरवरून ती दहा-पंधरा फुटांवर आली. उतरणारा तोच आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. सुट्टीत जात बाजूला ठेवा, असे सांगणाऱ्याला आम्ही विचारतो, खाणीने ती कधी बाजूला ठेवली होती? पिंजऱ्यात कोण उभे राहायचे हे ठरवताना जात होती, चाळीत कोण आणि बंगल्यात कोण हे ठरवताना होती, मैला कोण उचलणार हे ठरवताना होती. १२० वर्षे जे होते ते आम्ही एका दिवसाच्या सहलीत पाहिले, तर जात आणली कुणी? आम्ही ती आणली नाही, आम्ही ती पाहिली. न पाहण्याची सवय ज्यांना परवडते त्यांनी खुशाल न पाहता यावे.

खाण कशी पाहावी याचा धडा बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. वर येऊन त्यांनी मजुरांची घरे पाहिली, दवाखाना पाहिला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाणमजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीची खोली मोजून ते परतले नाहीत. खोलीत उतरणाऱ्याची मजुरी, घर आणि औषध त्यांनी पाहिले. आपल्यापैकी कुणी मजूरमंत्री नाही, पण हे तीन प्रश्न कोणत्याही सहलीत, कोणत्याही लेण्यात, किल्ल्यावर, धरणावर मुलांना विचारायला शिकवता येतात. बांधणाऱ्याला काय मिळाले? तो कुठे राहायचा? आजारी पडला तर कोण बघायचे?

केजीएफबाबत आमच्या मागण्याही याच तीन प्रश्नांतून निघतात. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने त्या १३ गाळाच्या टेकड्यांतून पुन्हा सोने काढण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. दगडाच्या भुकटीत उरलेल्या सोन्याचा हिशेब होऊ शकतो, तर ती भुकटी छातीत घेऊन मेलेल्यांच्या वारसांचा हिशेब का होऊ नये? त्या उत्पन्नातला वाटा घर, दवाखाना आणि रोजगाराच्या रूपाने त्याच वस्त्यांना मिळाला पाहिजे. उद्या तिथे खाणीचे संग्रहालय झाले, पर्यटन वाढले, तर शाफ्टजवळच्या फलकावर कंपनीच्या नावाआधी उतरणाऱ्यांचा इतिहास लिहिला पाहिजे. सिद्धार्थ प्रकाशनाचे आणि शाक्य बौद्ध संघाचे स्थान तिथे ठळक असले पाहिजे. पा. रंजीत यांनी २०२४ च्या 'तंगलान'मध्ये या माणसांना पडद्यावर आणले, हे मोठेच काम. पण सगळा भार एका दिग्दर्शकावर टाकून चालणार नाही.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, भीमा कोरेगाव ही आपली ठिकाणे आहेतच. त्या यादीत केजीएफचे नाव घाला. आपल्या विहारांतून, मंडळांतून वर्षाला शेकडो सहली निघतात. एखादी बस तिकडेही वळू द्या. तिथल्या बांधवांना आपली भाषा येणार नाही, आपल्याला त्यांची येणार नाही. 'जय भीम' दोघांनाही येते, सुरुवातीला तेवढे पुरते.

परतीच्या गाडीत धाकट्याने विचारले, "मग त्या सिनेमात आजोबा का नव्हते?" आम्ही म्हणालो, कारण सिनेमा त्यांनी काढला नव्हता. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "पण पेपर तर त्यांनी काढला होता ना?"

काढला होता. तो वाचायचे आपले राहून गेले, तेवढे आता करू.

जय भीम.